विसार दिल्यानंतर

घराचा सौदा एका दिवसात पुरा होत नाही. पाबळसारख्या गावात तो बहुधा ओसरीवरच्या बोलण्यातून सुरू होतो. किंमत ठरते, चतुःसीमा सांगितली जाते, दोन साक्षीदारांदेखत विसाराची रक्कम हातात पडते आणि विसारपावती लिहिली जाते. पुढे साठेखत होते, त्यात खरेदीची मुदत घातली जाते आणि शेवटी दुय्यम निबंधकासमोर खरेदीखतावर सह्या होतात. पहिल्या बोलण्यापासून शेवटच्या सहीपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, कधी वर्षही उलटते. या मधल्या काळात घर विकणाऱ्याच्याच नावावर असते, पण ते दुसऱ्याला दाखवण्याची त्याला मोकळीक नसते. पैसा घेणाऱ्याचाच असतो, पण त्याने तो या घरासाठी बांधून ठेवलेला असतो. दस्ताच्या भाषेत एक ‘लिहून देणार’ आणि दुसरा ‘लिहून घेणार’. दोघेही एकमेकांच्या शब्दावर थांबलेले असतात. अशा वेळी एकाने मागे फिरणे कधी रास्त, कधी अन्यायाचे आणि कधी नुसतेच दुर्दैवाचे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

पाबळ हे शिरूर तालुक्यातले, शिक्रापूर–राजगुरुनगर रस्त्यावरचे गाव. मस्तानीची कबर आणि १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेला विज्ञान आश्रम यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले. पावसाच्या बाबतीत हा भाग कमनशिबी. मात्र एका अंगाला रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला चाकणची, यांमुळे इथल्या घर-जागेला बाहेरचे गिऱ्हाईक मिळू लागले. भावकीत किंवा शेजारपाजारी होणाऱ्या विक्रीत शब्दाला जामीन गावच असे. शब्द फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचे असे. कारखान्यात नोकरी करणारा आणि बँकेच्या कर्जावर घर घेणारा माणूस मात्र कागद, मुदत आणि मंजुरी यांच्या हिशेबाने चालतो. एकाच सौद्यात या दोन रीती समोरासमोर आल्या की ‘ठरले’ या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असू शकतो. उशिराच्या माघारीतले निम्मे कडवटपण या फरकातून येते.

कायदा याबाबत काय म्हणतो ते आधी पाहणे सोयीचे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीचा करार मिळकतीत स्वतः कोणताही हक्क निर्माण करत नाही. मालकी जाते ती खरेदीखताने. साठेखत हे अशा अर्थाने एक वचन आहे, पण ते मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते. त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये एक बारकावा आहे. खरेदीदाराने आगाऊ दिलेल्या पैशांसाठी त्याचा बोजा त्या मिळकतीवर राहतो, मात्र त्याने ताबा घ्यायला गैरवाजवी नकार दिलेला नसेल तरच. नकार वाजवी असेल, तर विसाराच्या रकमेपुरताही बोजा त्याला मिळतो. म्हणजे नकाराचे वाजवी आणि गैरवाजवी असे दोन प्रकार कायद्यानेच मानलेले आहेत. सरसकट ‘शब्द मोडला’ म्हणून बोट दाखवणारे गावमत आणि ‘विसार सोडला की सुटलो’ असे समजणारा खरेदीदार, दोघेही या बारकाव्याकडे पाठ फिरवतात.

कारण कोणते

सर्वांत स्वच्छ माघार मिळकतीतल्या दोषामुळे घेतलेली. सात-बारावर किंवा मिळकतीच्या कागदावर एका भावाचे नाव असते आणि शोध घेताना कळते की बहिणींचा हिस्सा कधी विचारातच घेतलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोड पत्र नसताना खरेदी करणे म्हणजे पुढच्या दाव्याला आमंत्रण. कधी सोसायटीचा बोजा निघतो, कधी घर ज्या जागेवर आहे ती बिनशेती झालेलीच नसते. काही गुंठ्यांच्या तुकड्यावरचे घर असेल, तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो. गावठाणातल्या घरासाठी बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवला जातो, पण तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. यांपैकी काहीही खरेदीच्या आदल्या दिवशी उघड झाले, तरी मागे फिरणाऱ्याला दोष देता येत नाही. मिळकतीतला मोठा दोष खरेदीदाराला सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य कलम ५५ नेच घालून दिले आहे. ते त्याने पाळले नसेल, तर उशीर त्याच्या मौनामुळे झालेला असतो.

या न्यायाला एक मर्यादा आहे. दोष दहाव्या दिवशी कळला आणि नकार ऐंशीव्या दिवशी दिला, तर मधल्या सत्तर दिवसांचे नुकसान खरेदीदाराच्या माथी येते. दोष माहीत असताना त्यावरून किंमत पाडून घेतली आणि मन फिरल्यावर तोच दोष कारण म्हणून पुढे केला, तर ती माघार वाजवी राहत नाही. खरेदीदाराच्या स्वतःच्या अपात्रतेचेही तसेच. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. घराबरोबर शेतजमीनही सौद्यात असेल, तर शेतकरी दाखला आपल्याकडे आहे की नाही हे विसार देण्याआधी पाहायचे असते. ते न पाहता विसार देणाऱ्याला नंतर कायद्याकडे बोट दाखवून विकणाऱ्यावर खर्च ढकलता येणार नाही.

कर्ज नामंजूर झाले, हे आजच्या माघारींमधले फार नेहमीचे कारण. इथे एक साधी फोड उपयोगी पडते. बँकेने मिळकतीच्या कागदपत्रांमुळे नकार दिला असेल, तर जबाबदारी विकणाऱ्याकडे झुकते. उत्पन्न, जुनी थकबाकी किंवा वय यांमुळे नकार आला असेल, तर घेणाऱ्याकडे. खरेदीदाराला आपल्या उत्पन्नाची माहिती विकणाऱ्यापेक्षा आधी असते, म्हणून त्या अनिश्चिततेचा भारही त्यानेच उचलावा हे न्याय्य ठरते. ‘कर्ज मंजूर न झाल्यास विसार परत’ अशी ओळ पावतीत असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो, कारण विकणाऱ्याने ती जोखीम उघड्या डोळ्यांनी स्वीकारलेली असते.

नोकरी सुटणे, घरात मोठे आजारपण येणे, कर्त्या माणसाचा मृत्यू या संकटांतली माघार वेगळ्या मापाने मोजली पाहिजे. तिथे दोष कोणाचाच नसतो, नुकसान मात्र असते आणि ते कुठेतरी पडणारच. अशा वेळी पूर्ण विसार जप्त करण्याचा हक्क असूनही खर्चापुरती रक्कम ठेवून बाकी परत करणारा विकणारा मोठ्या मनाचा म्हटला पाहिजे. पण हे औदार्य मागण्याचा अधिकार कोणाला नाही. विकणाऱ्यानेही घर हौसेने काढलेले नसते. त्याच्याकडेही लग्न, दवाखाना किंवा सावकार उभा असू शकतो.

उरते ते मन बदलणे: दुसरीकडे स्वस्त घर दिसले, भाव उतरले, घरातल्या कोणाला दिशा पटली नाही. विसार सोडून दिला की आपण मोकळे, असा युक्तिवाद इथे केला जातो. विसार म्हणजे मागे फिरण्याच्या स्वातंत्र्याची आगाऊ दिलेली किंमत, असे दोन्ही बाजूंनी खरोखरच मानले असेल, तर त्यात खोट नाही. पण बहुतेक सौद्यांत विकणारा विसार तशा अर्थाने घेत नाही. त्याच्या दृष्टीने ती रक्कम शब्दाची खूण असते, आणि त्या शब्दावर तो पुढची पावले टाकतो.

सर्वांत वाईट माघार म्हणजे खोटी माघार. खरेदीची तारीख चार दिवसांवर आली, विकणाऱ्याने पुढच्या जागेचा विसार देऊन टाकला, हे पाहून ‘दोन लाख कमी करा, नाहीतर जमणार नाही’ असे म्हणणे. इथे माणूस व्यवहारातून बाहेर पडत नसतो. समोरच्याची अडचण तो विकत घेत असतो. इंग्लंडमध्ये या प्रकाराला ‘गझंडरिंग’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि विकणाऱ्याने ऐनवेळी जास्त भाव देणाऱ्याकडे वळण्याला ‘गझंपिंग’. तिथे दोन्ही पक्षांच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेला नसतो, त्यामुळे या दोन्ही दुखण्यांना मोकळे रान मिळते. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये वकिलांमधील पत्रांनी करार लवकर पक्का होतो, म्हणून तिथे हे प्रकार कमी. फ्रान्सने तिसरी वाट काढली. घर घेणाऱ्याला प्राथमिक करारानंतर दहा दिवस कोणतेही कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर मात्र शब्द बांधतो.

सत्यंकार आणि दहा दिवस

दहा दिवसांचा हा आकडा भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये. खरेदी किंवा विक्री करून पस्तावलेल्या माणसाने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी किंवा घ्यावी, असा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. जमिनीच्या व्यवहारासाठी दहा दिवसांची मुदत कात्यायनानेही सांगितली. कात्यायनस्मृतीचा मूळ ग्रंथ लुप्त झाला होता. त्याची विखुरलेली वचने गोळा करून १९३३ मध्ये प्रसिद्ध करण्याचे काम पुढे भारतरत्न झालेल्या पां. वा. काणे यांनी केले. या पस्ताव्याला धर्मशास्त्रात ‘अनुशय’ म्हणत, आणि ‘क्रीतानुशय’ हे नारदस्मृतीत न्यायदानाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. नारदाने विकत घेतलेल्या मालासाठी पायऱ्या घातल्या आहेत: त्याच दिवशी माल जसाच्या तसा परत केला तर काही कापायचे नाही, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग कापायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर माल घेणाऱ्याचाच. माघार घेण्यात पाप नाही, पण जितका उशीर तितका भार जास्त, हे सूत्र त्यात स्वच्छ दिसते.

विसाराला याज्ञवल्क्यस्मृतीत ‘सत्यंकार’ असा शब्द आहे. सत्यंकार म्हणजे बोलणे खरे करून दाखवणारी गोष्ट. सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य दुप्पट परत करावे, असा नियम याज्ञवल्क्याने दिला. आजही काही विसारपावत्यांत विकणारा फिरल्यास दुप्पट रक्कम देईल अशी अट लिहिली जाते; तिचे मूळ इतके जुने आहे. विसार घेणारा आणि देणारा दोघेही त्या रकमेने सारखेच बांधले जातात, हे या नियमातले खरे मर्म. खरेदीदाराचा विसार बुडतो, हे सगळे सांगतात. विकणाऱ्यानेही भरपाई करायची असते, हे सोयीने विसरले जाते.

आधुनिक न्यायालयांनी विसाराला मर्यादा घातली. १९४९ मध्ये दिल्लीत एका बंगल्याचा सौदा १ लाख १२ हजार ५०० रुपयांना ठरला होता. खरेदीदाराने १ हजार रुपये विसार म्हणून आणि २४ हजार किमतीपोटी दिले. व्यवहार मोडल्यावर विकणाऱ्याने सगळे २५ हजार जप्त केले. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या नावाने गाजलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले, की १ हजार ठेवता येतील, २४ हजार नाहीत. कारण तेवढे नुकसान झाल्याचे विकणाऱ्याने दाखवलेले नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात आकडा काहीही लिहिलेला असला, तरी भरपाई वाजवीच मिळते. दुसऱ्या बाजूला, २०१२ च्या सतीश बत्रा खटल्यात ७० लाखांच्या घरासाठी दिलेला ७ लाखांचा विसार विकणाऱ्याला पूर्ण ठेवू दिला गेला, कारण ती रक्कम खरोखरच विसार होती आणि करारात तसे स्पष्ट लिहिले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले की व्यवहारातला धडा हाती येतो: पावतीवर कोणती रक्कम विसार आणि कोणती किमतीपोटी, हे वेगळे लिहिले पाहिजे. सगळ्या रकमेला सरसकट ‘विसार’ म्हणून घेणाऱ्याची आयुष्यभराची बचत अडकवणारा विकणाराही अनीतीच करतो, माघार दुसऱ्याने घेतली असली तरी.

बिल्डरकडून सदनिका घेताना तोल आणखी बदलतो, कारण तिथे एका बाजूला कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला धंदा असतो. महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने करारापूर्वी २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास बंदी केली होती. स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली. महारेराने २०२२ मध्ये वाटपपत्राचा नमुना ठरवून दिला. त्यात आरक्षण रद्द केल्यास पहिल्या १५ दिवसांत काही कापायचे नाही, ३० दिवसांपर्यंत किमतीच्या १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के, अशा पायऱ्या आहेत. नारदाच्या पायऱ्यांशी यांचे साम्य थक्क करणारे आहे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतात, आणि गावाकडच्या कितीतरी इमारती याच मापाच्या असतात. तिथे खरेदीदाराला पावतीतल्या अटींवर आणि समोरच्याच्या सचोटीवरच विसंबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकल्पाबाबत दिलेला निकालही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ताबा तयार असताना भाव पडले म्हणून खरेदीदारांनी माघार घेतली होती. करारात २० टक्के जप्तीची अट होती. ती एकतर्फी ठरवून १० टक्केच कापण्याचा आदेश कायम राहिला. माघारीचे कारण स्वार्थाचे असले तरी शिक्षा प्रमाणाबाहेर नसावी, हा त्याचा अर्थ.

उशीर कशाने मोजायचा

पावतीवर तारीख असते, म्हणून उशीर दिवसांत मोजण्याची सवय पडते. नीतीच्या दृष्टीने हे माप अपुरे आहे. खरे माप म्हणजे समोरच्याने आपल्या शब्दावर विसंबून काय काय करून टाकले आणि त्यातले किती आता मागे घेता येणार नाही. विसारानंतर चार महिने गेले, पण विकणारा अजून त्याच घरात राहत आहे, दुसरे गिऱ्हाईक आलेच नव्हते, तर माघारीचे नुकसान थोडे. उलट पंधरा दिवसांतच त्याने भाडेकरू काढला, दुसऱ्या गावी जागेचा विसार दिला, मुलीच्या लग्नाची तारीख त्या पैशाच्या भरवशावर धरली, तर पंधरावा दिवसही फार उशिराचा. घेणाऱ्याने अधूनमधून विचारपूस करत राहिले पाहिजे ते याचसाठी. मनात शंका आली त्या दिवशी ती बोलून दाखवली, तर समोरचा पुढचे पाऊल थांबवू शकतो. मन डळमळत असताना ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असे सांगत राहणे, हा माघारीहून मोठा अपराध आहे.

लहान गावात आणखी एक नुकसान होते, ज्याची भरपाई कोणतेही न्यायालय देत नाही. सौदा मोडला की कारण विचारले जाते, आणि कारण कळले नाही तर तर्क चालतात: कागदात काहीतरी असणार, भावकीत भांडण असणार, घर लाभत नसणार. आठवडे बाजारात दोन वेळा ही चर्चा झाली की पुढचे गिऱ्हाईक कमी भाव सांगते. म्हणून मागे फिरणाऱ्याने खरे कारण विकणाऱ्याला आणि साक्षीदारांनाही सांगणे हे सौजन्याच्या पलीकडचे, देणे फेडण्यासारखे कर्तव्य आहे. कर्ज मिळाले नाही हे सांगायला संकोच वाटतो, म्हणून घरात दोष काढणे हा विकणाऱ्याच्या मिळकतीवर केलेला घाव ठरतो.

विकणाऱ्याच्या उशिराच्या माघारीलाही हेच माप लागू पडते. विसारानंतर जवळून रस्ता जाणार असल्याची किंवा कारखाना येणार असल्याची बातमी येते, भाव चढतात आणि बहिणीची सही मिळत नाही, मुलगा तयार नाही अशी कारणे निघू लागतात. घेणाऱ्याने तोवर सोने मोडलेले असते, कर्जाचे शुल्क भरलेले असते, जुन्या भाड्याच्या घराची सूचना दिलेली असते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा खरेदीदाराची बाजू बळकट केली. पूर्वी करार पुरा करून द्यायला लावायचे की नाही, हे न्यायालयाच्या मर्जीवर होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून कायद्यातले अपवाद वगळता तो पुरा करून देण्याचा हुकूम हाच नियम झाला. त्यासाठी आपण सुरुवातीपासून तयार आणि राजी होतो हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते, आणि दावा करारातल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. दावे मात्र वर्षानुवर्षे चालतात. घर घ्यायला निघालेल्या माणसाला तेवढा काळ भाड्याने काढावा लागतो, ही त्याच्यावरची खरी शिक्षा.

माघार पक्की झाल्यावर तिचा शेवट नीट करणे हा उरलेला भाग, आणि इथे सर्वांत जास्त हयगय होते. नकार तोंडी कळवून भागत नाही; तारखेसह लेखी कळवावा. मूळ कागदपत्रांच्या प्रती, शोध-अहवाल, घराची किल्ली घेतली असेल तर ती, हे सगळे परत करावे. मध्यस्थाने दलाली घेतली असेल, तर तिचा भार माघार घेणाऱ्याने उचलावा. परत द्यायच्या रकमेचा हिशेब लिहून, बँकेमार्फत द्यावा-घ्यावा. आणि साठेखत नोंदवलेले असेल, तर त्याचा रद्दलेखही नोंदवून द्यावा. हे शेवटचे काम टाळणाऱ्या खरेदीदाराचे म्हणणे बहुधा असे असते, की आधी विसार परत करा, मग सही करतो. विसारावर त्याचा हक्क उरला असेल, तर ही अडवणूक समजण्यासारखी आहे. हक्क उरला नसताना ती केली, तर एका माणसाचे घर तो कागदावर कोंडून ठेवतो. शोध घेणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाच्या वकिलाला ते जुने साठेखत दिसते आणि बोलणी तिथेच थांबतात. दोन्ही पक्ष दुय्यम निबंधकासमोर बसून रद्दलेखावर सह्या करतात, परतीच्या रकमेची पोच त्यातच लिहिली जाते. तो दस्त सूची क्रमांक दोनमध्ये चढला, की घर पुन्हा विकायला मोकळे होते.